वामनकाकांचा पुढचा दात

जगात पांढरा रंग एकच असतो, असं मी चाळिशीपर्यंत समजत होते. वामनकाका धकाते शेजारी राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात हा गैरसमज दूर झाला. शाळेत कार्यक्रम होता म्हणून मी पांढरी साडी नेसून निघाले होते. काका त्यांच्या फाटकाशी उभे. त्यांनी पदराकडे पाहिलं, ब्लाऊजच्या बाहीकडे पाहिलं आणि घरात कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, साडी दुधी हाये अन् ब्लाऊज निळीचं. एका घरात नांदत नाहीत हे दोघं." मला दोन्ही पांढरीच दिसत होती. पण मग रस्ताभर माझं लक्ष बाहीकडे, आणि पाहुण्यांनी त्या दिवशी काय भाषण केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

काकांचं सगळं आयुष्य नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात गेलं, तेही पांढऱ्या मालावर. धोतरं, मांजरपाट, मलमल, लठ्ठा, अस्तराचं कापड. रंगीत कापडाला ते कापडच मानत नसत. रंगात सगळे दोष लपतात, खरी परीक्षा पांढऱ्याची, असं त्यांचं म्हणणं. घराणं विणकरांचं, वडील हातमागावर बसणारे. काकांच्या पिढीत माग गेला आणि ते विणायचं सोडून विकायला लागले. पुढे निवृत्तही झाले, पण त्यांची बोटं काही निवृत्त झाली नाहीत. कुणाच्या घरी गेले की बोलता बोलता पडद्याचं टोक, उशीचा अभ्रा, समोरच्याच्या सदऱ्याची बाही, जे हाताला लागेल ते चिमटीत धरून चोळून पाहत. वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ वारले तेव्हा काका खांदा द्यायला पुढे झाले, आणि तिथेही बोटांनी आपलं काम केलंच. घाटावरून परत आल्यावर फाटकाशी मला हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता वं. कापड त्याच्या लायकीचं नव्हतं."

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक जमे. काकांसारखी गोष्ट सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी पोरीच्या लग्नाचं कापड घ्यायला आला आणि स्वतः नेसलेल्या धोतराचाच भाव करून बसला, ही गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकली असेल, आणि वीसही वेळा पोट धरून हसले आहे. गोष्ट टोकाला आली की ऐकणारे लोळायचे बाकी राहत. काका मात्र अशा वेळी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेत आणि त्याच्या आड हसत. खांदे गदगदा हलत, डोळ्यांतून पाणी येई, पण तोंड काही दिसत नसे. नवीन माणसाला वाटे, काय मर्यादेचे गृहस्थ आहेत. जुन्यांना ठाऊक होतं की दुपट्ट्याआड, वरच्या ओळीत अगदी मधोमध, एक दात काळपट राखाडी आहे. लग्नाच्या फोटोतही काका ओठ घट्ट मिटून बसलेले. लीलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तो फोटो दाखवताना दर वेळी सांगत की पाहणाऱ्याला वाटतं नवऱ्याला धरूनच आणला.

दात काळा कसा झाला याच्या काकांकडे इतक्या गोष्टी होत्या की त्यांची दोन दुकानं झाली असती. मला त्यांनी पेरूच्या झाडावरून पडल्याचं सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याला, कुस्तीत पैलवानानं डोकं मारल्याचं. पोस्टमनला सांगितलेल्या गोष्टीत एक बैल होता. आम्ही तिघं एकदा बोलायला लागलो तेव्हा हे उघडकीला आलं, आणि काकांना जाब विचारला तर ते शांतपणे म्हणाले की तिन्ही खऱ्या आहेत, फक्त दात निराळे.

खरी गोष्ट मला लीलाकाकूंनी सांगितली, कणीक मळता मळता. काका सात-आठ वर्षांचे असतील. वडील जेवायला उठले की त्यांची मोठी बहीण, सरूताई, मागावर बसे. मागात ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंड. ताईनं दोरीला जोरात हिसका दिला, धोटा मागाबाहेर उडाला आणि शेजारी उभ्या असलेल्या वामनच्या तोंडावर बसला. दात पडला नाही, पण आतून मेला आणि पुढे हळूहळू काळा पडत गेला. वडिलांनी ताईला फार मारलं. ताई पुन्हा कधी मागावर बसली नाही. वामन हसला आणि दात दिसला, की तिचं तोंड एवढंसं होई. पोराच्या ते लक्षात आलं, आणि त्यानं ताईसमोर हसणं बंद केलं. मग तीच सवय जगासमोर लागली, आणि जग काही हसायचं थांबत नव्हतं म्हणून दुपट्टा आला.

सरूताई लग्न होऊन उमरेडला गेल्या. दर भाऊबीजेला काका जात. काकू सांगत, वस्तीला हसवणारा हा माणूस ताईच्या घरी जामीन राहायला आल्यासारखा बसतो. हो, नाही, वाढ थोडं, निघतो. एवढंच. गोष्ट नाही, गंमत नाही.

मग एका वर्षी सरूताईंचं हृदयाचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी घरच्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. उमरेडहून भेटून आले त्या संध्याकाळी काकांनी ओट्यावर गोष्ट सांगितली नाही. बाकीचे उठून गेल्यावर मला म्हणाले, "ताईनं जायच्या आधी एकडाव माहा दात पाह्यला पाह्यजे. पांढरा." इतकी वर्षं हे का केलं नाही, असं मी विचारलं. तर कारण असं निघालं की त्यांच्या मेहुण्यानं पूर्वी पुढच्या दाताला कॅप बसवली होती. ती आतून धातूची, वरून पांढरी. थोड्याच वर्षांत हिरडीजवळ तिची काळी रेघ दिसायला लागली. "काठाचं धोतर चालते," काका म्हणाले, "काठाचा दात मले नको." मी सांगितलं की आता पूर्ण सिरॅमिकची कॅप निघाली आहे, आत धातू नसतोच, त्यामुळे काठाचा प्रश्न नाही. माझ्या दाढेचं काम मी दोन गल्ल्या सोडून असलेल्या मेश्राम मॅडमकडे केलं होतं, तिथल्या भिंतीवर मी हे वाचलं होतं. काकांनी एकच प्रश्न विचारला. पोत कसा असते म्हणे.

लीलाकाकूंचे गुडघे धरलेले, म्हणून काकांना स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. मेश्राम मॅडम वयानं लहान, पण लहान मुलांचे दात पाहून पाहून त्यांच्या अंगी मोठा संयम आला होता. तो पुढे उपयोगी पडला. त्यांनी एक्स-रे काढला आणि समजावून सांगितलं. सिरॅमिकमधून खऱ्या दातासारखा थोडा उजेड आरपार जातो, म्हणून तो जिवंत दिसतो. पण तुमचा खालचा दात काळा आहे, तो वर डोकावेल. म्हणून आतला थर दाट ठेवायचा आणि बाहेरचा नितळ. काकांचा चेहरा खुलला. "म्हंजे अस्तर," ते म्हणाले. मॅडमनी हसून मान डोलावली, आणि त्या दिवसापासून त्या दवाखान्यात दातांची भाषा बंद होऊन कापडाची सुरू झाली. कॅप बसायला दात चहूबाजूंनी घासून बारीक करावा लागेल हे ऐकल्यावर मापं घेण्याआधीच कापता का, असं काकांनी विचारलं. मधल्या काळापुरती जी प्लास्टिकची कॅप लावतात तिला ते कच्चा टाका म्हणू लागले. पुढे मॅडमची मदतनीससुद्धा इतर पेशंटना तेच सांगताना मी ऐकली.

मुळाचं काम झालं. दात घासण्याआधी रंग ठरवायचा होता. समोरच्या एकाच दाताची कॅप करणं सगळ्यांत अवघड, कारण जोडीचा दात शेजारीच साक्षीला उभा असतो, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी नमुन्याच्या दातांची पट्टी काढली. एका ओळीत छोटे छोटे दात, प्रत्येक जरा निराळा. काकांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं. आयुष्यभर लोकांनी त्यांचं पांढऱ्याचं वेड हसण्यावारी नेलं होतं, आणि इथे डॉक्टर स्वतः सांगत होत्या की पांढरा एक नसतो. ट्यूबलाइटखाली रंग पाहू नये, दारात उजेडात पाहावा, हे दोघांनी एकदमच म्हटलं. इथवर सगळं छान चाललं होतं.

दारात गेल्यावर काकांनी दुपट्ट्यानं दात खसाखसा पुसले, दोन बोटांनी ओठ वर धरला आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. रस्त्यावरचे स्कूटरवाले वेग कमी करून पाहायला लागले. मॅडम म्हणाल्या, असं नको, दाताचा रंग ओला असतानाच पाहायचा, वाळला की तो उगाच जास्त पांढरा दिसतो. काकांनी ओठ सोडला आणि सावकाश, प्रत्येक शब्द तोलून सांगितलं, "मॅडम, ओल्या कापडाचा रंग गांधीबागेत कोणी पाहत नाही. ओलं कापड खोटं बोलते." मॅडमनी ऐकून घेतलं, काकांना पाणी प्यायला लावलं, पट्टीतला किंचित पिवळसर दात धरून पाहिला आणि तोच रंग लॅबला कळवला. काका परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी काका शहराच्या टोकाला, वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात ओळखीच्या माणसाला भेटायला म्हणून गेले. ओळखीचा माणूस खरा होता, गोदामही खरं होतं. फक्त दात बनवणारी लॅब त्याच रस्त्यावर होती आणि तिचं नाव काकांनी मॅडमच्या टेबलावरच्या पाकिटावर वाचलेलं होतं. त्यांच्या धंद्यात रंग दुकानदाराशी बोलून ठरत नाही, थेट रंगाऱ्याशी बोलून ठरतो. दुकानदार हा मधला माणूस. शुभ्र धोतर, शुभ्र सदरा, खांद्यावर दुपट्टा असा म्हातारा माणूस जिना चढून आला आणि म्हणाला, मेश्राम मॅडमकडून आलो, रंग दोन नंबर उजळ करा. लॅबवाल्यांना वाटलं मॅडमचे वडीलच आले. त्यांनी चहा पाजला आणि रंग बदलला.

कॅप आली. मॅडमनी ती दातावर ठेवून पाहिली. मी खुर्चीमागे उभी होते. तो एक दात भर दुपारी होता आणि बाकीचे सगळे संध्याकाळी. मॅडमनी तिथूनच लॅबला फोन लावला. पलीकडून काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण मॅडमनी फोन ठेवला आणि काकांकडे वळून अत्यंत गोड आवाजात विचारलं, "बाबा, वाडीला कधी जाऊन आलात?" काका छताकडे पाहू लागले.

तरी माणूस हरायला तयार नाही. एक धुणं झाल्याशिवाय कापडाचा खरा रंग कळत नाही, असं त्यांचं पुढचं शास्त्र होतं. मॅडमनी हात टेकले आणि ती कॅप काढता येईल अशी कच्ची चिकटवून दिली.

ते धुणं वस्तीनं पाहिलं. काका ओट्यावर दुपट्ट्याशिवाय बसले. काटोलच्या व्यापाऱ्याची गोष्ट सुरू झाली, पण दात दाखवायची इतकी घाई की व्यापारी अजून दुकानात शिरायचा होता तोवरच काका हसले. ऐकणाऱ्यांचं लक्ष गोष्टीत कुठलं, सगळे दाताकडे बघत होते. भाजीवालीनं तर तोंडावर सांगितलं की काका, एक दात नवा घेतला, बाकीचे कधी घेता. पुढे काका एका सकाळी अंगणात उन्हात आरसा घेऊन, मलमलीचा तुकडा दाताशी धरून बराच वेळ बसलेले मला दिसले. मग ते फाटकापाशी आले. "मास्तरीणबाई," म्हणाले, "साडी दुधी अन् ब्लाऊज निळीचं झालं." दवाखान्यात जाऊन त्यांनी मॅडमना साफ सांगितलं की चूक माझी, दात ओलाच पाहायचा असतो. मॅडमनी त्यावर एकही बोल लावला नाही. मी त्यांच्या जागी असते तर पुष्कळ लावले असते.

नवी कॅप बनायला टाकली आणि उमरेडहून भाच्याचा फोन आला, ताईला दवाखान्यात भरती केलं म्हणून. काका पायरीवरच बसले. लीलाकाकू म्हणाल्या, आहे त्या दातानं जा, भेटणं महत्त्वाचं. काका ऐकेनात. "असा दात पाहून तिले वाटन, काळा होता तो बरा होता. एकडावच दाखवाचा हाये वं, तो बरोबर पाह्यजे," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून म्हणाले, "रंगाऱ्याकडे गेलो नसतो तर आज तिथं राह्यलो असतो." मला फार वाईट वाटलं. एरवी चिडवायला टपलेली आमची वस्तीही त्या दिवसांत ओट्यावरून मान खाली घालून जाई. रोज संध्याकाळी भाच्याचा फोन येई आणि काका तो कानाला लावण्याआधी कपाळाला लावत.

मॅडमनी लॅबच्या मागे लागून काम लवकर करून घेतलं. या खेपेला काका कुठेही गेले नाहीत. मॅडमनी वाडीच्या लोकांना फोन करून ठेवलाच होता की माझे वडील भंडाऱ्याला असतात. कॅप बसली. मॅडमनी हातात आरसा दिला. काका पाहत राहिले, मान इकडे केली, तिकडे केली, खिडकीकडे वळले. मग आरसा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कोणता?" मॅडम खुर्चीच्या पलीकडे गेल्या आणि उगीच हात धुवायला लागल्या.

काका वारले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघते तेव्हा वस्ती ओट्यावरचे काका आठवते. मला आठवतात ते उमरेडला गेले त्या दिवसाचे. ताईंना तोवर घरी आणलं होतं. काकूंना बस झेपत नव्हती म्हणून सोबत मी गेले. एसटीत काका खिडकीच्या काचेत पाहून हसून बघत होते. पुढच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं, तर त्यांच्याकडे पाहूनही हसले. काटोलच्या व्यापाऱ्याचीच गोष्ट सांगायची, म्हणजे हसू आपसूक येईल, असं त्यांनी ठरवलं होतं. ती मला रस्त्यात पुन्हा एकदा ऐकावी लागली.

सरूताई अंगणात बाजेवर होत्या. अगदी वाळल्या होत्या, पण नजर तीक्ष्ण. काका बाजेच्या कडेला बसले, बरी आहेस का विचारलं आणि लगेच गोष्ट सुरू केली. ताई चकित होऊन ऐकत होत्या, हा आज इतका कसा बोलतो म्हणून. व्यापारी धोतरावर भाव करायला लागला आणि काका तोंड उघडून, सगळे दात दाखवत हसले. घरातली सून हसली, भाचा हसला, मीही हसले.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी काकांची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "कोणता होता?"

काकांनी बोट लावून दाखवला.

"राग गेला म्हणाचा तुहा?"

"कायचा राग?" काकांना कळेना.

"साऱ्या नागपुराले हासवते वामन, लोक येऊन सांगत मले. अन् माह्या घरी आला का ओठ शिवून बसे. एकडाव हासला नाहीस तू माह्यासमोर. मी समजत होती, दात काळा हाये तोवर हा मले माफ नाही करत. म्हटलं, खरंच हाये त्याचं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की ताई, ते तुमच्यासाठीच होतं. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं. काका म्हणाले, "तुले वाईट वाटे म्हणून नव्हतो हासत, ताई."

हनुवटीवरचा हात ताईंनी काढला नव्हता. सुनेला त्यांनी खुणेनं उशी मागितली, पाठीशी घेतली आणि नीट टेकून बसल्या.

"हास आता," त्या म्हणाल्या. "मी पाहून राहिली."

आणि वामनकाकांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच हसू येईना.